रविवार : रीजन पाच

आज दिवसभर डीव्हीडी. आत्या दर खेपेला अमेरिकेतून आणायची त्या सगळ्या कपाटात पडून आहेत. म्हटलं एकदाच फायली करून हार्ड डिस्कवर टाकाव्यात. लॅपटॉपला ड्राइव्ह नाही (आता कोणाच्याच नसतो), म्हणून यूएसबीवाला मित्राकडून मागून आणला. डेबियन (लिनक्सचा एक प्रकार), व्हीएलसी (व्हिडिओ प्लेअर), सगळं तयार. डिस्क चालेना.

अमेरिकेची डिस्क रीजन एक, भारत रीजन पाच. चित्रपट एकेका देशात वेगवेगळ्या वेळी लागायचे, म्हणून स्टुडिओंनी जग असं वाटून घेतलेलं. ड्राइव्हचा रीजन बदलता येतो, पण पाचच वेळा; शेवटी जो ठेवाल तो कायमचा. मित्राची वस्तू, तेव्हा त्याच्या वाटेला गेलो नाही.

रीजनच्या मागे खरं कुलूप आहे, सीएसएस: डिस्कवरचा चित्रपट सांकेतिक करून ठेवणारी पद्धत. किल्ली जेमतेम 40 बिटांची. विंडोजवर परवाना घेतलेले प्लेअर होते. लिनक्सवाल्यांनी मात्र स्वतःच्या पैशाने आणलेली डिस्क नुसती बघत बसायची. 1999 मध्ये एका विंडोज प्लेअरची किल्ली नीट लपवलेली नाही हे कुणाच्या तरी लक्षात आलं आणि डीसीएसएस हा कुलूप उघडणारा छोटा प्रोग्राम बाहेर पडला. त्यातलं जगभर गाजलेलं नाव योन लेक योहानसन, नॉर्वेचा, तेव्हा पंधरा वर्षांचा. खटला झाला. 2003 च्या जानेवारीत ओस्लोच्या कोर्टाने त्याला निर्दोष सोडलं, अपिलातही डिसेंबरमध्ये तेच. स्वतः विकत घेतलेली डिस्क बघायला कुलूप उघडलं तर गुन्हा कसला, असा एकूण सूर.

गंमत म्हणजे डिस्का छापणाऱ्या चोरट्या कारखान्यांचं या कुलपाने काहीच अडत नव्हतं. ते कुलपासकट, किल्लीसकट हुबेहूब छापायचे. अडायचं घरच्या माणसाचं, कारण दुकानातल्या कोऱ्या डीव्हीडीवर किल्लीची जागा आधीच बाद करून ठेवलेली असते.

आपल्याकडे तर व्हीसीडीवर कुलूपच नव्हतं. मोझर बेअर या डिस्का बनवणाऱ्या कंपनीने 28 रुपयांना व्हीसीडी आणि 34 ला डीव्हीडी विकायला काढली, तेव्हा चोरीची प्रत घेण्यात फारसा अर्थच उरला नाही. माझ्या मते आपल्याकडे चाललेला खरा कॉपी प्रोटेक्शन तोच. ती कंपनी पुढे बुडाली, ते सौरऊर्जेचे वगैरे उद्योग करून. तो विषय वेगळा.

2005 चं सोनी बीएमजी या गाण्यांच्या कंपनीचं प्रकरण आठवलं की अजून हसू येतं. गाण्याची सीडी पीसीत घातली की एक्ससीपी नावाचं संरक्षण गुपचूप विंडोजमध्ये घुसायचं आणि स्वतःला लपवायचं. मार्क रुसिनोविच या विंडोजच्या जाणकाराने ते उघडं पाडलं. मग लोकांनी आत पाहिलं तर लेम या मुक्त एमपी3 एन्कोडरचा कोड, परवान्याच्या अटी न पाळता वापरलेला. शिवाय योहानसनने ज्यावर काम केलं होतं तोही कोड! नक्कल होऊ नये म्हणून केलेल्या प्रोग्राममध्ये उचललेला माल.

डेबियन सीएसएस उघडणारी लायब्ररी स्वतः देत नाही. एक छोटं पॅकेज मिळतं. ते व्हिडिओलॅनकडून (व्हीएलसी बनवणारे) लायब्ररीचा सोर्स उतरवून आपल्याच मशीनवर कंपाइल करतं. दोन कमांड. रीजन जुळत नसला की ही लायब्ररी किल्ली गणिताने शोधायला बसते, म्हणून पहिली डिस्क सुरू व्हायला बराच वेळ गेला. तेवढ्यात आईने कपडे वाळत घालायला लावले.

कायद्याचंही पाहून ठेवलं. 2012 च्या दुरुस्तीत कॉपीराइट कायद्यात 65ए कलम आलं: कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, पण हक्कभंगाचा हेतू असेल तर. हेतूची ती अट मला आवडते. मी वकील नाही, पण आत्याच्या डिस्का आईला दाखवण्यात हक्कभंग मला तरी दिसत नाही.

चिडचिड होते ती ओटीटीची. डिस्क निदान घरात असते. इथे पूर्ण वर्गणी भरूनही लिनक्सच्या ब्राउझरमध्ये चित्र कमी दर्जाचंच, कारण डीआरएमला (ओटीटीच्या डिजिटल कुलपाला) माझं मशीन भरवशाचं वाटत नाही. वर्गणी पुढच्या महिन्यात संपतेय. बंद करायची म्हणतोय, पण आईची मालिका तिथेच आहे, तेव्हा आधी तिला विचारायला हवं.