काळी पाच, चौऱ्याऐंशी हजार तोंडांनी

नॅसरेक स्टेशनातून उतरलं की स्टेडियमपर्यंत पायी जायचं. त्या वाटेवर एका बाईनं जमिनीवर चादर अंथरून दोनच वस्तू मांडल्या होत्या: वुवुझेले, म्हणजे फुंकून वाजवायचे रंगीबेरंगी भोंगे, आणि कानात घालायचे फोमचे बोळे. बहुतेक लोक वुवुझेला घेऊन पुढं जात होते. काहीजण दोन्ही घेत होते. तारीख २ जुलै २०१०, शुक्रवार. जोहान्सबर्गला तेव्हा ऐन हिवाळा असतो आणि शहर समुद्रसपाटीपासून साधारण पावणेदोन हजार मीटर उंचीवर. सूर्य मावळला की थंडी थेट हाडात शिरते.

माझा मावसभाऊ तिथं नोकरीला, तिकिटं त्यानंच मिळवलेली. विश्वचषकाचा उपांत्यपूर्व सामना, घाना विरुद्ध उरुग्वे, सॉकर सिटीत. सोबत त्याची सहा वर्षांची लेक. कारखान्यात कामगार कानांवर घालतात तसली जाड झाकणं तिच्या डोक्याला बसवली होती. निघताना तिची आई मला म्हणाली, "दादा, कितीही हट्ट केला तरी ते काढू देऊ नका हां." मी हो म्हणालो, पण मनात वाटलं, एवढं कशाला?

कारण मी वुवुझेल्याच्या बाजूनं भांडतच तिथं पोचलो होतो. आदल्या वर्षी तिथंच झालेल्या कॉन्फेडरेशन्स कप या फुटबॉल स्पर्धेत स्पेनच्या झाबी अलोन्सोनं या भोंग्यांवर बंदी घाला म्हटलं, तेव्हापासून माझ्या डोक्यात ती ठिणगी होती. आफ्रिकेत पहिल्यांदा विश्वचषक होतोय आणि पाहुणे यजमानाच्या देवघरातली घंटा काढून ठेवायला सांगताहेत! फिफाचे तेव्हाचे अध्यक्ष सेप ब्लाटर यांनी बंदीला नकार दिला, आफ्रिकेतल्या विश्वचषकाला युरोपचं रूप देऊ नका म्हणाले, तेव्हा मला मनापासून बरं वाटलं. मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारच्या सामन्यात कुणी हलगी बंद करा म्हणाला, तर आमच्या पेठेत त्याला काय ऐकावं लागेल ते मला ठाऊक आहे.

सॉकर सिटीचा आकार तिथल्या कॅलबॅशसारखा आहे. कॅलबॅश म्हणजे वाळवून पोकळ केलेला भोपळा, ज्यातून पाणी किंवा घरची बिअर प्यायली जाते. मला मात्र पाहताक्षणी तंबोऱ्याचा भोपळा आठवला. मातीच्या रंगाच्या त्या प्रचंड गोलाईतून एकच सूर बाहेर झिरपत होता. आम्ही अजून अर्धा किलोमीटर लांब होतो, पण पोटात थरथर जाणवायला लागली होती.

वुवुझेला म्हणजे साधारण दोन फुटांचा प्लास्टिकचा पोकळ भोंगा. त्याला भोकं नाहीत, पट्ट्या नाहीत. ओठ फडफडवून फुंकलं की एकच स्वर निघतो, पाश्चात्त्य भाषेत बी फ्लॅट. आपल्या पेटीवर ती काळी पाच. त्या रात्री चौऱ्याऐंशी हजार माणसं मैदानात होती. त्यातल्या निम्म्यांच्या हातात भोंगा होता असं धरलं, तरी चाळीसेक हजार काळी पाच. कुणाची जरा चढी, कुणाची उतरलेली. एकमेकींवर घासून त्यांचा जो गुंजारव होतो, तो टीव्हीवर माश्यांच्या घोंघावण्यासारखा ऐकू येतो. आत बसल्यावर तो आवाज राहत नाही, हवामान होतो.

हा भोंगा नेमका कुणाचा, यावर तिथं बरेच दावे आहेत. कायझर चीफ्स या तिथल्या फुटबॉल क्लबचा जुना पाठीराखा फ्रेडी माके म्हणतो की १९६५ मध्ये सायकलच्या हॉर्नचा रबरी फुगा काढून टाकून त्यानं पहिला भोंगा केला. शेंबे या तिथल्या ख्रिस्ती पंथाचं म्हणणं असं की हे आमच्या उपासनेतलं शिंग, फुटबॉलवाल्यांनी उचललं. प्लास्टिकचा साचा नील व्हान स्काल्कविक या उद्योजकानं काढला आणि २००१ च्या आसपास तो कारखान्यातून बाहेर पडू लागला. शेंबेंच्या दाव्याकडं माझं मन ओढलं गेलं. देवासाठी फुंकलेलं शिंग मैदानात येणं यात आपल्याला परकं काही नाही. देवीच्या पालखीपुढची हलगी आपल्याकडं कुस्तीच्या फडातही वाजतेच की.

खेळ सुरू झाला. स्पर्धेत आफ्रिकेचे सहा संघ होते, त्यातला घाना एकटा उरला होता. आफ्रिकेचा संघ तोवर कधीच उपांत्य फेरीत पोचला नव्हता, त्यामुळं दक्षिण आफ्रिकेचे लोक आपल्या संघाच्या 'बाफाना बाफाना' या लाडक्या नावाच्या धर्तीवर 'बाघाना बाघाना' म्हणत होते. मध्यंतराच्या तोंडावर घानाच्या मुंतारीनं लांबून डाव्या पायानं चेंडू हाणला आणि जाळीत गेला. भावानं माझ्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी ओरडून सांगितलं. एक अक्षर कळलं नाही. मागच्या रांगेतल्या माणसाच्या भोंग्याचं तोंड माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर होतं. मी दोनदा वळून पाहिलं. तो इतका आनंदात होता की मला काही बोलवेना.

त्याच वर्षी प्रिटोरिया विद्यापीठाच्या डी वेट स्वानेपूल यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यानं हा भोंगा मोजला होता. तोंडाशी १३१ डेसिबल, दोन मीटरवर ११३. कारखान्यात आठ तासांसाठी तिथली मर्यादा ८५ आहे. हे आकडे मी आधीही वाचले होते, पण वाचणं वेगळं. मध्यंतरात डावा कान कुणी कापूस कोंबल्यासारखा झाला आणि आत एक बारीक शिट्टी सुरू झाली. पुतणी तिच्या झाकणांखाली आरामात चिप्स खात होती. तिच्या आईला मनोमन हात जोडले.

आता जे सांगायचंय ते या कानाबद्दल नाही.

दुसऱ्या डावात उरुग्वेच्या फोर्लाननं फ्री किकवर बरोबरी केली आणि सामना जादा वेळेत गेला. अगदी शेवटच्या मिनिटाला उरुग्वेच्या गोलरेषेवर झुंबड उडाली आणि आत जाणारा चेंडू सुआरेझनं सरळ हातानं अडवला. लाल कार्ड, पेनल्टी. घानाचा ग्यान चेंडूसमोर उभा राहिला. तेव्हाचा तो नाद! मी खासबागेत मोठमोठ्या कुस्त्या पाहिल्या आहेत, पण तसा नाद आयुष्यात पुन्हा ऐकलेला नाही. ग्याननं मारलेला चेंडू आडव्या दांडीला लागून वर उडाला.

आणि सगळे भोंगे एकदम थांबले.

त्या शांततेत काय ऐकू आलं? आमच्या खालच्या बाजूला बायकांचा एक घोळका गात होता. चार आवाज, त्यात दोन खालच्या पट्टीतले, ठेका पायांनी धरलेला. त्या नुकत्याच गायला लागल्या नव्हत्या. त्यांच्या घामावरून, हलण्यावरून सरळ दिसत होतं की बराच वेळ त्या गात होत्या. त्यांच्यापासून आम्ही दहा-बारा रांगा वर आणि अडीच तासांत त्यांचा एक सूर आमच्यापर्यंत पोचला नव्हता. अंगावर काटा आला. दक्षिण आफ्रिकेतली माणसं गातात. अंत्ययात्रेला, मोर्चाला, संपाला, खाणीत उतरताना गातात. वर्णभेदाच्या विरोधातला लढा गात गात लढला गेला. मंडेला तुरुंगातून सुटले त्या आठवड्यात याच मैदानावर त्यांची सभा झाली होती, तेव्हा इथं गाणीच घुमली असणार.

मिनिटभरानं भोंगे पुन्हा सुरू झाले आणि ते गाणं पुसलं गेलं. पेनल्ट्यांत घाना ४-२ हरला. शेवटची उरुग्वेच्या आब्रेऊनं गोलरक्षकाला चकवून हलकेच मधोमध टाकली.

रात्री झोप लागेना. कान वाजत होता आणि डोक्यात एकच विचार. आपल्याकडं सनईवाल्याच्या मागं बसून एकजण नुसता सूर धरतो. त्याचा स्वर एकच, तासन्‌तास एकच, आणि कुणी त्याला कंटाळत नाही, कारण त्या सुरावर सनई उभी असते. सूर धरणाऱ्यानं सनईच बुडवली तर त्या मैफलीला काय म्हणायचं? युरोपातल्या खेळाडूंच्या तक्रारीवर मी वर्षभर चिडलो होतो. पण या भोंग्यानं सर्वांत जास्त कुणाचं तोंड बंद केलं असेल, तर ते तिथल्याच गाणाऱ्यांचं.

रविवारी भाऊ सोवेटोत, म्हणजे जोहान्सबर्गच्या कृष्णवर्णीयांच्या मोठ्या वस्तीत, त्याच्या कामावरच्या एका सहकाऱ्याकडं घेऊन गेला. घरामागं लाल मातीचं मैदान होतं. गवताचं पातं नाही, गोलखांबांना जाळी नाही. दोन गल्ल्यांचे संघ खेळत होते आणि बघायला दीड-दोनशे माणसं. तिथंही वुवुझेले होते, मोजून सात-आठ. ऑर्लँडो पायरेट्स क्लबचा काळा-पांढरा मफलर गुंडाळलेले एक आजोबा या टोकाला उभे होते. ते दोन आखूड आणि एक लांब फुंकायचे. पलीकडच्या कडेनं दुसरा भोंगा तिसऱ्याच मात्रेवर उत्तर द्यायचा. मध्ये जागा सुटायची, त्या जागेत बायका गाण्याची ओळ टाकायच्या. चेंडू गोलाजवळ आला की फुंक आखूड व्हायची, लय चढायची. मी जागच्या जागी उभा राहिलो. ही तर हलगी! हलगीवाला फडात पैलवानाकडं डोळे लावून वाजवतो, पकड बसली की त्याच्या काड्या बदलतात. हे आजोबाही खेळ बघून वाजवत होते.

सामन्यानंतर ओळख झाली. ते मूळचे उत्तरेच्या लिंपोपो प्रांताकडचे, व्हेंडा समाजाचे. त्यांच्या गावाकडं त्शिकोना नावाचं बांबूच्या नळ्यांचं वादन असतं. प्रत्येकाच्या हातात एका स्वराची एकच नळी. आपला स्वर आला की फुंकायचं, एरवी दुसऱ्याचं ऐकायचं. वीस-तीस माणसं मिळून एक चाल उभी राहते. "भोंगा वाईट नाही," ते म्हणाले. "पण स्टेडियमात प्रत्येकजण एकटाच वाजवतो."

म्हणून बंदीच्या बाजूला मी आजही नाही. त्याच वर्षी १ सप्टेंबरला युएफानं, म्हणजे युरोपातल्या फुटबॉल संघटनेनं, आपल्या स्पर्धांतून वुवुझेला हद्दपार केला. ब्राझीलच्या २०१४ च्या विश्वचषकातही तो आत नेता येत नव्हता. तिथं खास त्या स्पर्धेसाठी काशिरोला नावाचं खुळखुळ्यासारखं वाद्य काढलं होतं. २०१३ मध्ये साल्वाडोरच्या सामन्यात चिडलेल्या प्रेक्षकांनी ते मैदानात भिरकावलं आणि त्यालाही दार बंद झालं. सरसकट बंदीचा निर्णय घेणाऱ्याला आजोबांचा भोंगा आणि माझ्या मागच्या माणसाचा भोंगा सारखाच दिसतो, याचं मला वाईट वाटतं. पण 'आमची संस्कृती आहे, बोलायचं नाही' हेही मी आता म्हणणार नाही. गणपतीच्या मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंतीसमोर लेझीम मुकी झालेली मी पाहिली आहे आणि तिथंही संस्कृतीचंच नाव पुढं केलं जातं.

आणि एक गोष्ट फारच गंभीर आहे. ११ एप्रिल २००१ ला जोहान्सबर्गच्याच एलिस पार्कवर चीफ्स आणि पायरेट्सच्या सामन्यात चेंगराचेंगरी होऊन ४३ माणसं गेली. तिथं भोंग्यांचा दोष होता असं मला म्हणायचं नाही. पण ज्या मैदानात शेजारी बसलेल्या भावाचं बोलणं कळत नाही, तिथं लाउडस्पीकरवरून 'या दारानं जाऊ नका' सांगितलं तर ते कुणाला कळणार? माझं म्हणणं एवढंच की वाजवणाऱ्यांना एक ठरावीक बाजू द्यावी, तिथं टोळीनं वाजवावं, शेकड्यांनी असले तरी चालतील. दारात प्रत्येकाच्या हाती भोंगा विकू नये. लहान मुलांना कान झाकल्याशिवाय आत सोडू नये. आणि हे सगळं ठरवताना त्या गाणाऱ्या बायकांना आधी विचारावं.

त्या रविवारी पुतणीच्या डोक्यावर झाकणं नव्हती, गरजच नव्हती. ती आजोबांच्या भोंग्याकडं टक लावून बघत होती. त्यांनी तो बाहीनं पुसला आणि तिच्या हातात दिला. तिनं लगेच गाल फुगवले. आजोबांनी हळूच तिच्या खांद्यावर हात ठेवला, मैदानापलीकडं बोट केलं आणि तिला थांबवलं. पलीकडून दोन आखूड, एक लांब आलं. मग त्यांनी हात उचलला.