दोन टिंबांची सही

गणपती आठ दिवसांवर आले की पोस्टात सगळ्यांनाच पैसे काढायचे असतात. त्यात बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातला पाऊस. नेट जातं-येतं, ओल्या छत्र्यांनी फरशीचा राडा होतो. अशाच एका सकाळी रांगेत एक पोरगी उभी होती, टाचा उचलून. मी तिला ओळखत होतो.

जूनमध्ये ती आज्जीला घेऊन आली होती. हो, तीच आज्जीला घेऊन. 10 वर्षं पूर्ण झाली की पोस्टात स्वतःच्या नावावर बचत खातं काढता येतं आणि स्वतःच चालवता येतं, हे तिला शाळेतल्या बाईंनी सांगितलेलं. जन्मदाखला बघितला तर 4 दिवस कमी. म्हटलं, बाबांना पालक म्हणून लावू, आजच काढू.

"नको. मग ते लहान पोरांचं खातं झालं."

आज्जी कपाळाला हात लावून म्हणाली, "हिला कधी एकदा मोठी होईन असं झालंय बघा."

चार दिवसांनी दोघी परत हजर. काजूच्या बिया वेचून साठवलेले 620 रुपये, सगळे चुरगळलेले. सहीच्या चौकटीत तिनं एक वेटोळं काढलं, त्याला शेपूट, शेपटाखाली रेघ, रेघेखाली दोन टिंबं. "साधं नाव लिही की," मी म्हटलं. "नाव लहान पोरं लिहितात सर, मोठी माणसं सही करतात." मी हसलो आणि तीच सही स्कॅन केली. तेव्हाच अडवायला हवं होतं, पण मलाही गंमत वाटली.

तर त्या दिवशी तिनं 200 रुपयांचा फॉर्म पुढे केला. खात्यात 500 राहिलेच पाहिजेत, म्हणजे फार तर 120 मिळतील, हे सांगितल्यावर तिचा चेहरा उतरला. गल्लीच्या मंडळाला 'माझ्या खात्यातून 200 देते' असं सांगून बसली होती. बराच वेळ गप्प उभी राहिली. मग दुसरा फॉर्म, 100 रुपयांचा. आता सही जुळेना. शेपूट भलतीकडे. तिसऱ्या फॉर्मवर शेपूट जागेवर, टिंब एकच.

मागून एकजण म्हणाला, "द्या की ओ, ओळखीची पोरगी हाय न्हवं?"

ओळखीची होतीच. हात शिवशिवले, खोटं कशाला बोलू. पण मोठ्यांचं खातं तिनंच मागून घेतलेलं. आणि सही जुळली नाही की 'माझी सही मला शिकवतोस?' म्हणून काउंटरवर हात आपटणारे पेन्शनवाले मी रोज बघतो. त्यांना सूट नाही, तर हिला कशी देऊ?

"जुनी सही दाखवा तरी."

"दाखवता येत नाही."

"माझीच हाय की!"

"तरी नाही."

ती बाकावर जाऊन बसली. वाया गेलेल्या फॉर्मांच्या पाठीवर वेटोळी काढत राहिली. रांग संपली, नेट दोनदा गेलं. अर्ध्या-पाऊण तासानं आली आणि हळूच म्हणाली, "सर, मलाच येत नाही ती. बदलता येते काय?"

येते. अर्ज, ओळखपत्र आणि नवी नमुना सही. फॉर्म कन्नड-इंग्रजीत असला तरी सही मराठीत चालते म्हटल्यावर तिनं सावकाश, शिरोरेघ ओढून पूर्ण नाव लिहिलं. पेन मात्र उचललं नाही.

"खाली एक टिंब दिलं तर?"

"दर वेळी आठवणीनं देशील?"

तिनं विचार केला आणि पेनाला टोपण लावलं.

जाताना पैसे कधी भरलेले बरे, म्हणून विचारलंन. 10 तारखेच्या आत भर, म्हणजे त्या महिन्याचं व्याज त्यावर मिळतं, असं सांगितलं. पुढच्या महिन्यात 8 तारखेला 30 रुपये घेऊन आली. सही एका फटक्यात जुळली. पासबुकात मंडळाची 100 रुपयांची पावती घडी करून ठेवली होती. पावतीवर तिच्या नावाआधी कुणीतरी 'चि.' लिहिलेलं. ते तिनं पेनानं गिरवून गिरवून खोडलं होतं.