शेजारचे पडके घर आणि वारसांची यादी : माझा अनुभव

धोकादायक पडक्या घराबाबत तक्रार करणाऱ्याने त्या घराच्या सर्व वारसांची नावे, पत्ते आणि मयतांचे दाखले गोळा करून आणावेत, असे माझ्या वाचनात आलेला कोणताही कायदा सांगत नाही. तरीही आमच्या उपविभागाच्या दंडाधिकारी शाखेत माझा अर्ज याच एका मागणीखाली दडपून राहिला, आणि दरम्यान भिंत मात्र दर सरीबरोबर थोडी थोडी पाखाडीकडे, म्हणजे दगडी पायवाटेकडे, झुकत राहिली. हे सारे आटोपले असले तरी त्या टेबलाची आठवण झाली की अजूनही राग येतो. हे लिहिण्यामागे तो राग आहे, हे लपवण्यात अर्थ नाही.

आमचे गाव उत्तर रत्नागिरीत, समुद्रालगत आहे. शेजारचे घर जुन्या पद्धतीचे, जांभ्याच्या चिऱ्यांचे आणि मातीच्या सांध्यांचे होते. कुटुंब मुंबईला स्थायिक झाल्यावर ते बंद पडले आणि ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळात त्याची कौले व निम्मे वासे गेले. अशा घराचे छप्पर गेले की पाणी भिंतीच्या माथ्यातून थेट आत शिरते, चिऱ्यांमधली माती धुपते आणि बाहेरून धडधाकट दिसणारी भिंत आतून सुटी होते. जिथे वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो तिथे हे व्हायला फार काळ लागत नाही. त्या भिंतीला लागून असलेल्या पाखाडीवरून शाळेची मुले येतात-जातात. आवारातल्या विहिरीचा कठडाही ढासळलेला होता आणि ती पाखाडीपासून चार पावलांवर होती.

ग्रामपंचायतीचा टप्पा सरळ पार पडला. पावसाळ्यापूर्वीची नोटीस निघाली, ती बंद दाराला चिकटवली गेली आणि पहिल्या पावसात विरघळली. पुढची कारवाई करण्यास निधी नाही असे सांगण्यात आले, तेव्हा मी प्रांत कार्यालयाकडे (उपविभागीय अधिकारी म्हणजे प्रांत, तेच उपविभागाचे दंडाधिकारीही असतात) वळलो. (नगरपरिषद किंवा नगरपंचायतीच्या हद्दीत राहणाऱ्यांनी आधी तिथेच जावे, कारण १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमात कलम १९५ खाली धोकादायक बांधकामांबाबत मुख्याधिकाऱ्यांना स्वतंत्र अधिकार आहेत. आम्हा खेडेगावातल्यांना लांबचा रस्ता धरावा लागतो.)

हा रस्ता म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १५२. १ जुलै २०२४ पूर्वी हेच फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १३३ होते, आणि कार्यालयातला छापील नमुना अजूनही जुन्याच कलमाचा असल्याने अर्जाच्या मथळ्यात नवे कलम मी स्वतः हाताने लिहिले. एखादी इमारत किंवा झाड पडून शेजारी राहणाऱ्यांना अथवा येणाऱ्या-जाणाऱ्यांना इजा होण्याचा संभव असेल, किंवा सार्वजनिक वाटेलगतची विहीर उघडी असेल, तर ती पाडण्याचा, दुरुस्त करण्याचा किंवा तिला कुंपण घालण्याचा सशर्त आदेश (म्हणजे मुदतीत पाळा, नाहीतर हजर राहून कारण दाखवा) कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतात. त्यासाठी पोलिसांचा अहवालच हवा असे नाही, इतर कोणाकडून मिळालेली माहितीही पुरते. अर्ज आवक झाला, मंडळ अधिकाऱ्यांनी स्थळपाहणी करून पंचनामा केला आणि पंचनाम्यात भिंत धोकादायक असल्याचे स्वच्छ शब्दांत नोंदवले गेले. इथवर मला कोणाविषयी तक्रार नाही.

त्यानंतर प्रकरण अव्वल कारकुनांच्या टेबलावर आले आणि तिथेच बसले. सातबाऱ्यावर अर्धे पान भरेल एवढी नावे होती आणि त्यांतली बहुतेक माणसे आता हयात नाहीत. कोकणातल्या कोणत्याही सामाईक मिळकतीचा उतारा काढला तर याहून वेगळे चित्र क्वचितच दिसते. आजोबांच्या नावापुढे वारसनोंद झालेली नसते, आत्यांची नावे लागलेली असतात तर चुलत्यांची राहिलेली असतात, आणि ज्यांची लागली आहेत त्यांचे पत्ते गिरगाव-लालबागमधल्या, केव्हाच पुनर्विकासाला गेलेल्या चाळींचे असतात. कारकुनांचे म्हणणे असे की, आदेश कोणावर बजावायचा हेच ठरत नसेल तर प्रस्ताव साहेबांपुढे ठेवता येणार नाही. आधी वारसनोंदी होऊ द्या, मग सर्वांचे पत्ते द्या, मग पाहू. मी विचारले, "साहेब, वारसनोंद मी कशी करणार? मी त्या घरातला नाही." त्यावर ते म्हणाले, "मग त्यांना करायला सांगा." ज्यांना शोधायचे आहे त्यांनाच सांगायचे, ही त्या उत्तरातली गंमत त्यांच्या लक्षात आली की नाही, मला कळले नाही.

मी नंतर अनेकदा जाऊन बसलो. टेबलावर धारिका असे तेव्हा कारकून नसत आणि कारकून असत तेव्हा धारिका तलाठ्यांकडे अभिप्रायासाठी गेलेली असे. एकदा "फेरफार प्रलंबित आहे का ते कळवावे" (फेरफार म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावांतला बदल) असा शेरा मारून ती खाली पाठवली गेली, खालून "फेरफार दाखल नाही" असे लेखी उत्तर आले, आणि फेरफार दाखल नसल्याच्या कारणावरून ती पुन्हा तशीच थांबली. पावसाचा जोर वाढू लागला तशी माझी चिकाटी कमी आणि चिडचिड जास्त होत गेली. घरच्यांनी मुलांना पाखाडी सोडून खालच्या रस्त्याने पाठवायला सुरुवात केली होती.

शेवटी मी कलमाचा मजकूर मुळातून वाचला, आणि हे प्रत्येकाने करावे असे मी आग्रहाने सांगेन, कारण अडकलेली गाठ तिथेच सुटते. आदेश ज्याच्यावर काढायचा ती व्यक्ती म्हणजे मालकच असावी असे कलम म्हणत नाही. ती इमारत किंवा विहीर ज्याच्या मालकीची, ताब्यात किंवा नियंत्रणात आहे, अशी कोणतीही व्यक्ती चालते. झाडाबाबत मालकी किंवा ताबा पुरतो. म्हणजे प्रश्न सातबाऱ्यावर कोण आहे हा नसून, आज त्या आवारावर कोणाचा हात आहे हा आहे. आणि तो हात गावात सर्वांना माहीत होता. त्या घराण्यातले एक गृहस्थ दर गणपतीला येऊन आवारातले नारळ विकतात, किल्ली त्यांच्याकडे असते आणि घरपट्टीची पावती त्यांच्या नावाने फाटते. फोनवर ते मला इतकेच म्हणाले होते, "काका, घर सामाईक आहे, मी एकटा काय करणार?" नारळ विकताना हा प्रश्न त्यांना पडत नसावा.

मी ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा उतारा आणि घरपट्टी भरल्याची नोंद मिळवली. हा नमुना ८ म्हणजे कर आकारणीची नोंदवही. महसुलाच्या ८अ शी, म्हणजे जमिनीच्या खातेउताऱ्याशी, त्याची गल्लत करू नये. त्याने मालकी सिद्ध होत नाही, परंतु ताबा व नियंत्रण दाखवायला तो फार उपयोगी पडतो. या कागदांसह मी दुसरा अर्ज दिला आणि त्यात तीन गोष्टी लिहिल्या. आदेश ताबा असलेल्या व्यक्तीच्या नावे काढावा. उरलेल्यांवर व्यक्तिशः बजावणी शक्य नसेल तर कलम १५३ प्रमाणे जाहीरनामा काढून त्याची प्रत योग्य ठिकाणी चिकटवावी. आणि धोका तातडीचा असल्याने चौकशी पूर्ण होण्याची वाट न पाहता कलम १६१ खाली भिंतीला टेकू, विहिरीवर जाळी आणि पाखाडीवर अडथळा हे अंतरिम उपाय करण्याचा हुकूम द्यावा. हा अर्ज मी टेबलावर न देता आवक शाखेत दिला, शिक्का व क्रमांक घेतला आणि एक प्रत थेट प्रांताधिकाऱ्यांच्या नावे स्पीड पोस्टाने पाठवली. पुढच्याच भेटीत कारकुनांनी वारसांचा विषय काढला नाही. त्या दिवशी घरी परतताना मला झालेला आनंद थोडा क्षुद्र होता, पण तो झाला.

आणखी एक कागद सुरुवातीलाच जोडायला हवा, तो म्हणजे पाखाडी सार्वजनिक असल्याचा ग्रामपंचायतीच्या रस्त्यांच्या नोंदवहीतला उतारा. समोरच्याने वाटेवरचा सार्वजनिक हक्कच नाकारला आणि त्या नकाराला पुष्टी देणारा विश्वासार्ह पुरावा मिळाला, तर दिवाणी न्यायालय निकाल देईपर्यंत दंडाधिकाऱ्यांना कार्यवाही थांबवावी लागते. आमच्याकडे तसे झाले नाही, पण होऊ शकले असते.

मालकाला आधीच लेखी कळवून पोच जपून ठेवण्याचाही फायदा होतो. उद्या कोणी जखमी झाले तर नुकसानभरपाईच्या दाव्यात आणि निष्काळजीपणाच्या फौजदारी प्रकरणात, धोका ठाऊक असूनही काही केले नाही हे त्यावरून दिसते. अर्थात, ठाऊक नव्हते म्हणून मालक सुटतो असेही नाही. दिल्लीच्या चांदणी चौकातला घड्याळाचा मनोरा १९५० मध्ये कोसळून माणसे मेली, त्या प्रकरणी १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महापालिकेला जबाबदार धरले. सुमारे ८० वर्षे जुन्या, रस्त्यालगतच्या त्या बांधकामाची देखभाल करणे हे मालकाचे कर्तव्य होते आणि दोष त्याला माहीत होता की नव्हता याने फरक पडत नाही, असे न्यायालय म्हणाले. मुंबईत राहणाऱ्या प्रत्येक सामाईक हिस्सेदाराने हा निकाल वाचावा. निधी नसल्याचे सांगणाऱ्या ग्रामपंचायतींनी १९८० चा, रतलाम नगरपालिकेविरुद्धचा निकाल वाचावा. पैसे नाहीत ही सबब तिथे चालली नाही, आणि ते प्रकरणही याच जुन्या कलम १३३ चे होते.

रागाच्या भरात स्वतः आत शिरून भिंत पाडण्याचा विचार मात्र कोणी करू नये. आमच्या वाडीतल्या दोघा तरुणांनी तो बोलून दाखवला होता. तसे केल्यास अपप्रवेशाचा व नुकसानीचा गुन्हा आपल्यावरच यायचा, आणि चिरा अंगावर पडून कोणी दुखावले तर त्याची जबाबदारीही आपल्याकडेच वळायची.

आदेश निघाला, मुदतीत कोणी हजर झाले नाही, तो कायम झाला आणि नंतर कलम १६० खाली भिंत उतरवण्याचे काम ग्रामपंचायतीमार्फत करवून घेण्यात आले. समोरच्याने हजर राहून कारण दाखवले असते तर चौकशी झाली असती. ती ९० दिवसांत, आणि लेखी कारणे नोंदवून फार तर १२० दिवसांत संपवावी असे नव्या संहितेत आहे, ते कार्यालयाला आठवण करून द्यायला बरे पडते. कामाचा खर्च उतरवलेल्या सामानाच्या विक्रीतून वसूल करता येतो. जुन्या घराच्या तुळया व चिरे यांना आमच्याकडे गिऱ्हाईक मिळते, त्यामुळे तो प्रश्न सहज सुटला. नारळ विकणाऱ्या गृहस्थांचा फोन मात्र लगेच आला. तुळया कोणाला विचारून विकल्या असा त्यांचा सवाल होता. मी त्यांना आदेशाचा क्रमांक दिला आणि प्रांत कार्यालयात चौकशी करायला सांगितले.

विहिरीवर आता लोखंडी जाळी आहे. आवारातला वाळवी लागलेला फणस अजून उभा आहे, कारण फणस १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत येतो आणि त्याच्या तोडीला वन विभागाच्या वृक्ष अधिकाऱ्यांची परवानगी लागते. झाडही धोक्याचे असेल तर पहिल्याच अर्जात त्याचा स्वतंत्र उल्लेख करावा आणि पंचनाम्यात त्याची नोंद होईल हे जागेवर उभे राहून पाहावे. आमच्या पंचनाम्यात ती नव्हती, म्हणून फणसासाठी वेगळा अर्ज द्यावा लागला असून त्याचे उत्तर अजून यायचे आहे.