तुम्ही विचारलंत म्हणून : डीएनएमधला उलटा मजकूर कशासाठी?

मी नाशिकला बायोटेक्नॉलॉजी शिकवते. एक प्रश्न मला वेगवेगळ्या तोंडांतून सतत ऐकू येतो. वर्गातली मुलं विचारतात, ‘मॅडम, डीएनएमध्ये एक तुकडा येतो आणि थोडं पुढे गेलं की तोच उलटा होऊन परत येतो. असं का?’ मुलांकडून ऐकलेले पालक विचारतात. माहेरी निफाडकडे द्राक्षबाग आहे, तिथे काका सरळ मुद्द्यावर येतात, ‘त्याचा उपयोग काय गं?’ आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

आधी ‘उलटा’ म्हणजे कसा ते सांगते. ‘चिमा काय कामाची’ हे वाक्य आपण सगळ्यांनी लहानपणी दोन्ही बाजूंनी वाचून पाहिलेलं आहे. पॅलिंड्रोम शिकवताना असंच एखादं वाक्य सांगतात, आणि तिथेच मुलांची समजूत अर्धवट राहते. वाक्याला ओळ एकच असते. डीएनएला दोन धागे असतात आणि ते विरुद्ध दिशांना धावतात. डीएनएची ए, टी, जी, सी ही चार अक्षरं समोरासमोर जोडीने बसतात: एकावर ए असेल तर समोर टी, जी असेल तर समोर सी. आता एका धाग्यावर जी-ए-ए-टी-टी-सी लिहा. समोरच्या धाग्यावर सी-टी-टी-ए-ए-जी येईल. हा समोरचा धागा त्याच्या दिशेने, म्हणजे शेवटाकडून वाचला की पुन्हा जी-ए-ए-टी-टी-सी. एकाच धाग्यावर मागे-पुढे वाचून हे जमत नाही, पलीकडच्या धाग्यावर जावं लागतं. जी-ए-ए आणि टी-टी-सी अशा दोन अर्ध्या भागांच्या मध्ये इतर अक्षरं आली, दहा असोत की हजारो, तर त्या मांडणीला इन्व्हर्टेड रिपीट म्हणतात.

ही सहा अक्षरं मी मुद्दाम निवडली. ‘इको आर वन’ नावाचं एन्झाइम नेमकं तिथेच डीएनए कापतं. लॅम्डा या विषाणूच्या 48,502 जोड्यांच्या डीएनएमध्ये अशा पाच जागा आहेत, म्हणून प्रॅक्टिकलला त्याचे सहा तुकडे पडतात. एन्झाइमला अशीच जागा का लागते? कारण ते स्वतः दोन एकसारख्या अर्ध्या भागांचं बनलेलं असतं. एक भाग एका बाजूचं अर्धं ओळखतो, दुसरा दुसऱ्या बाजूचं, आणि दोघं मिळून दोन्ही धागे तोडतात. बॅक्टेरियाला हे हत्यार घुसखोर विषाणूंविरुद्ध लागतं. स्वतःच्या डीएनएवरच्या त्याच जागांना तो मिथाइल या छोट्या रासायनिक गटाची खूण करून ठेवतो, त्यामुळे त्या वाचतात. हॅमिल्टन स्मिथ यांनी 1970 मध्ये अशा एका एन्झाइमची कापायची जागा उलगडली, ती दोन्ही धाग्यांवर सारखीच वाचली जाणारी निघाली. 1978 चं नोबेल त्यांना, वर्नर आर्बर आणि डॅनियल नेथन्स यांना मिळून देण्यात आलं. जनुकं जोडण्या-तोडण्याची पुढची सगळी विद्या यावर उभी राहिली.

हे झालं बाहेरून कुणीतरी ओळखण्याबद्दल. मला जास्त ओढ आहे ती या मजकुराच्या दुसऱ्या गुणाची. धागा सुटा झाला की त्याचं पहिलं अर्धं दुसऱ्या अर्ध्यावर वळून चिकटू शकतं, कारण दोन्ही एकमेकांना पूरक असतात. मधली अक्षरं वळणावर मोकळी राहतात. याला हेअरपिन म्हणतात. डीएनएचे दोन्ही धागे एकाच जागी असे बाहेर वळले तर चार फाट्यांचा आकार तयार होतो, तो क्रुसिफॉर्म. हा आकार कागदावर बराच आधी मांडला गेला होता, पण पीळ दिलेल्या डीएनएमध्ये तो खरोखर उभा राहतो याचे पुरावे 1980 च्या सुमारास मिळाले. डेव्हिड लिली यांचं काम त्यातलं महत्त्वाचं. पिळाचा ताण नसेल तर डीएनए असा सहजासहजी उघडत नाही.

वळण्यातून काय साधतं, हे बॅक्टेरियात जनुक संपतं तिथे स्वच्छ दिसतं. जनुकाची आरएनए प्रत तयार करणारं यंत्र धाग्यावरून पुढे जात असतं. त्याला थांबायचं कुठे हे कळायला हवं. बऱ्याच जनुकांच्या शेवटी जी आणि सी भरपूर असलेला एक छोटा इन्व्हर्टेड रिपीट असतो आणि त्याच्यामागे ओळीने टी. तो भाग आरएनएत उतरला की आरएनए तिथल्या तिथे हेअरपिनमध्ये वळतो. यंत्र अडखळतं. त्या क्षणी आरएनएला डीएनएशी धरून ठेवायला यू (आरएनएत टीच्या जागी हे अक्षर येतं) आणि ए यांच्या जोड्याच उरलेल्या असतात, आणि त्या फार कमकुवत. पकड सुटते, प्रत मोकळी होते. त्या अक्षरांतून कुठलंही प्रथिन बनत नाही, तरी वळण बिघडवणारा बदल झाला तर यंत्र पुढच्या जनुकात घुसतं. मुलांना मी हे फळ्यावर अक्षर-अक्षर जोडून करायला लावते. हेअरपिन त्यांच्या हाताने तयार झाला की ‘का’ हा प्रश्न पुन्हा विचारावा लागत नाही.

दुसरा गुण दिशेचा. तोच तुकडा त्याच दिशेने दोनदा आला आणि त्या दोन प्रतींमध्ये अदलाबदल झाली, तर मधला भाग गळून पडतो. दुसरी प्रत उलटी असेल तर मधला भाग गळत नाही, जागच्या जागी फिरतो. विषबाधेला कारण होणारा साल्मोनेला टायफीम्युरियम याचा फार हुशारीने वापर करतो. त्याच्या डीएनएत 996 जोड्यांचा एक तुकडा आहे, दोन टोकांना 26-26 जोड्यांचे उलट भाग. हिन नावाचं एन्झाइम हा तुकडा फिरवतं. एका स्थितीत एक प्रकारचं शेपूट तयार होतं, फिरवल्यावर दुसऱ्या प्रकारचं. आपल्या शरीराने पहिल्या शेपटाविरुद्ध तयारी केलेली असते, तोवर काही जिवाणूंनी रूप बदललेलं असतं. त्यात एकही अक्षर हरवत नाही. पुन्हा फिरवलं की सगळं पूर्ववत.

काकांना मात्र जिवाणूंपेक्षा वेलीत रस. त्यांच्यासाठी उत्तर पानातच आहे. पानाच्या हरितलवकाला स्वतःचा वेगळा, गोलाकार डीएनए असतो. द्राक्षवेलीचा हा संपूर्ण क्रम 2006 मध्ये प्रसिद्ध झाला: 1,60,928 जोड्या. त्यात 26,358 जोड्यांचा एक लांबलचक भाग दोनदा आहे आणि दुसऱ्यांदा उलटा. गोडी छाटणीनंतर फुटणाऱ्या प्रत्येक कोवळ्या पानात ही जोडी असते. बहुतेक झाडांच्या हरितलवकात ती आढळते. या दोन प्रती एकमेकींशी सारख्या राखल्या जातात. एकीत चूक झाली तर दुसरीवरून दुरुस्ती होते, आणि या भागात बदल साठण्याचा वेग उरलेल्या भागापेक्षा कमी असतो. शिवाय मधला भाग इथेही फिरतो. राजम्याच्या हरितलवकात दोन्ही दिशांचे डीएनए सारख्याच प्रमाणात असतात, हे जेफ्री पामर यांनी 1983 मध्ये दाखवलं.

इथे काका म्हणाले, ‘म्हणजे जगायला लागतंच ते.’ नाही, आणि या ‘नाही’वर मी अडून बसते. हरभरा, वाटाणा, मसूर, मेथी यांच्या पूर्वजात यातली एक प्रत गळाली. हे सगळे तेव्हापासून एकाच प्रतीवर उत्तम चालले आहेत. एखादी गोष्ट फायद्याची असणं वेगळं आणि तिच्यावाचून न चालणं वेगळं. जीवशास्त्रात ‘उपयोग काय’ विचारताना आपण हे दोन्ही एकत्र करून टाकतो, म्हणून उत्तरं चुकतात.

सोयाबीनचं उदाहरण मला सगळ्यात आवडतं, कारण ते लासलगाव-विंचूरच्या बाजारात ढिगाने दिसतं. सोयाबीन पिवळं का? रानटी सोयाबीनचं बी काळपट असतं. रंगद्रव्य बनवायच्या साखळीतल्या एका एन्झाइमची, कॅल्कोन सिंथेसची, जनुकं पिवळ्या वाणांत एका ठिकाणी उलट जोडीने बसलेली आहेत. तिथून निघणारा आरएनए स्वतःवर वळतो आणि दुहेरी होतो. दुहेरी आरएनए दिसला की पेशी त्याचे बारीक तुकडे करते आणि त्या तुकड्यांशी जुळणारा प्रत्येक संदेश नष्ट करते. हीच आरएनए इंटरफिअरन्सची यंत्रणा, जिच्यासाठी अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांना 2006 चं नोबेल मिळालं. बियांच्या सालात त्या जनुकाचा आवाज बंद होतो, रंग भरत नाही. पिवळं बी चांगलं म्हणून शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलं, तेव्हा त्यांनी नकळत एक इन्व्हर्टेड रिपीट राखला. आणि मोझॅक विषाणूची लागण झाली की तोच विषाणू ही गप्प करणारी यंत्रणा दाबतो, मग पिवळ्या दाण्यावर गडद डाग उमटतात. सोयाबीनवर डाग इतर कारणांनीही पडतात, पण विषाणूच्या त्या डागात मला दबलेली जनुकं परत बोलताना दिसतात.

माणसाच्या वाय गुणसूत्रावर असे आठ प्रचंड पॅलिंड्रोम आहेत, 2003 मध्ये ते उलगडले. सर्वांत मोठा सुमारे 29 लाख जोड्यांचा. वायला जोडीदार नाही, म्हणून तो स्वतःच्याच उलट प्रतीकडे पाहून दुरुस्ती करतो.

आता ज्या भागामुळे मी हे लिहायला बसले तो. माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली होती. दोनतीनदा गर्भ राहून पडला होता. घरात पपई खाल्लीस का, जड उचललंस का, इथपासून सगळं विचारून झालं होतं. शेवटी एका डॉक्टरांनी दोघा नवराबायकोची गुणसूत्रं तपासायला सांगितली. अहवाल तिने माझ्यासमोर ठेवला. गुणसूत्र 11 आणि 22 यांच्यात देवाणघेवाण झालेली होती, आणि ती नवऱ्यात होती. तिने विचारलं, ‘मॅडम, हे कशासाठी असतं?’

11 आणि 22, दोन्हींवर एकेक पॅलिंड्रोम आहे, काहीशे अक्षरांचा, ए आणि टी यांनी भरलेला. ए-टी जोड्या सैल, म्हणून अशी जागा सहज वळते. वळलेली जागा तुटायला सोपी, आणि दोन्हींकडे तुटली की टोकं चुकीच्या जोडीदाराला जोडली जातात. निरोगी पुरुषांच्या शुक्रपेशींतही ही अदलाबदल नव्याने घडताना आढळली आहे. ज्याच्या अंगी ती समतोल असते तो स्वतः ठणठणीत असतो, कारण काही कमी झालेलं नसतं. मूल होताना वाटणी असमान झाली तर गर्भ टिकत नाही, किंवा बाळ एमॅन्युएल सिंड्रोम हा गंभीर जन्मजात विकार घेऊन जन्माला येतं.

मी तिला सांगितलं, कशासाठीही नाही. ती अक्षरं तशी आहेत म्हणून वळतात, वळतात म्हणून कधी तुटतात. ज्या गुणामुळे जिवाणूचं जनुक नीट संपतं आणि सोयाबीन पिवळं होतं, तोच गुण इथे आहे. यात कुणाच्या खाण्याचा, उचलण्याचा, उपासतापासाचा संबंध नाही. तिचा नाही, आणि नवऱ्याचाही नाही. ती सासूबाईंना घेऊन पुन्हा आली, तेव्हा त्यांनाही फळ्यावर काढून दाखवलं. त्यांनी बारीक प्रश्न विचारले, आणि घरातल्या धाकट्या दिरालाही तपासावं का, हा सगळ्यात योग्य प्रश्न त्यांचाच होता. हो, अशी अदलाबदल वारशाने आलेली असू शकते, म्हणून सख्ख्या भावंडांनी तपासून घेणं बरं.

तुमच्या घरात दोन किंवा अधिक गर्भपात झाले असतील तर डॉक्टरांना कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांच्या तपासणीबद्दल विचारा, आणि ती दोघांची करा. फक्त बाईचं रक्त पाठवून थांबू नका. पेशी प्रयोगशाळेत वाढवाव्या लागतात, त्यामुळे अहवालाला वेळ लागतो. तो आला की जेनेटिक काउन्सेलरकडून समजून घ्या, आणि जाताना दोघं मिळून जा.