पिकअपचा क्रॉस घरीच बदलला (दोनदा)

पहिला गिअर टाकून क्लच सोडला की खालून टक. रिव्हर्स टाकला की परत टक. आणि गावातून हळू जाताना चिमणी बसलीय की काय असा चूं चूं आवाज, स्पीड वाढला की तो ऐकूच येत नाही. महिनाभर मी गाणी मोठ्याने लावून हा प्रश्न सोडवला होता. मग एक दिवस नारायणगावला टोमॅटोचे कॅरेट उतरवून रिकामं येताना साठच्या पुढे अख्खी केबिन थरथरायला लागली तेव्हा शेजारी बसलेले आबा म्हणाले, "आरं क्रॉस गेलाय तो. उद्या शाफ्ट रस्त्यावर पडंल, मग लाव गाणी."

युनिव्हर्सल जॉइंट हे कागदावरचं नाव, आमच्याकडे सगळे क्रॉसच म्हणतात. अधिकच्या चिन्हासारखा लोखंडी तुकडा, त्याच्या चार टोकांवर चार कप आणि प्रत्येक कपात गोल मांडलेल्या बारीक सुया. गिअरबॉक्स चेसिसला बांधलेला आणि मागच्या चाकांमधलं हाउसिंग स्प्रिंगच्या पाट्यांवर खालीवर नाचतंय, म्हणजे दोघांना जोडणाऱ्या फिरत्या शाफ्टचा कोन सारखा बदलणार, तो कोन हा क्रॉस सांभाळतो. ग्रीस संपलं आणि पावसाचं पाणी आत गेलं की सुया गंजून त्यांची पूड होते. वाकून बघितलं तर कपाच्या कडेला कुंकू सांडल्यासारखी लाल पूड. ग्रीस निपल जागेवर होतं, ग्रीस गन घरात होती, शेवटचं ग्रीस कधी मारलं ते मात्र कुणालाच आठवेना.

फाट्यावरच्या मिस्त्रीकडे गाड्यांची लाईन, म्हणून म्हणलं घरीच करू. चाकांना दगड लावायला पुतण्याला सांगितलं आणि मी शहाणपणाने बोललो, गिअरमध्ये ठेवतो की, कशाला दगड. आबा नुसते हसले. नंतर डोक्यात उजेड पडला, शाफ्ट काढला की इंजिनाचा आणि मागच्या चाकांचा संबंधच तुटला, मग गिअर कुठलाही टाका, गाडी निवांत शेजाऱ्याच्या गोठ्यात जाणार. हँडब्रेक असतो म्हणा, पण आमचा नवस बोलल्याशिवाय लागत नाही.

शाफ्ट दोन तुकड्यांचा, मध्ये त्याला पेलणारं सेंटर बेअरिंग; त्याच्या मागचा तुकडाच काढला, पुढे चार बोल्ट, हाउसिंगला चार. आधी खडूने खुणा केल्या. (या खडूचं पुढे येईल.) खरी मारामारी लॉकशी, म्हणजे कप जागेवर धरणाऱ्या बाहेरच्या कड्यांशी, सर्कलिपशी. गंजून एकजीव झालेल्या, डिझेल सोडून रात्रभर ठेवल्या तेव्हा सकाळी सुटल्या. कप काढायला पुतण्या घण घेऊन हजर, त्याला हाकलला, कारण योकचा, म्हणजे क्रॉस धरणाऱ्या दोन कानांच्या चिमट्याचा, कान वाकला किंवा भोक लंबगोल झालं तर क्रॉस राहिला बाजूला, शाफ्टच बदलावा लागेल. त्यापेक्षा वाईसमध्ये एका बाजूला कपापेक्षा जरा लहान सॉकेट, दुसऱ्या बाजूला कप आत मावेल असं मोठं सॉकेट, आणि आवळत जायचं. लहान सॉकेट कपाला ढकलतं, समोरचा कप मोठ्यात येऊन पडतो.

नवीन बसवताना तिसऱ्या कपापाशी घोडं अडलं. लॉक खाचेत जाईना, केसभर राहतंय. "अजून एक ठोका दे" असं तिथे जमलेल्या प्रत्येकाने सांगितलं, आणि मी देणारच होतो. पण आबांनी कप परत काढायला लावला, तर आत एक सुई आडवी पडून तळाशी बसलेली. ठोकलं असतं तर ती मोडली असती आणि नवा क्रॉस आठवड्यात गेला असता. मग सुया घट्ट ग्रीसमध्ये चिकटवल्या आणि कप आत जाताना क्रॉसचं टोक हाताने कपात धरून ठेवलं, म्हणजे सुयांना पडायला जागाच राहत नाही.

आता खडू. मधला स्लिप जॉइंट, म्हणजे शाफ्ट लांब-आखूड व्हायला एकमेकांत सरकणारा दातेदार जोड, मी मोकळा केला होता आणि पुतण्याने तो डिझेलने इतका स्वच्छ धुतला की खुणा पण गेल्या. अंदाजाने बसवला, चाळीसलाच गाडी आधीपेक्षा जास्त थरथरली. परत दगड, परत खाली.

गंमत अशी की कोनात फिरणारा एकटा क्रॉस एकसारखं फिरवतच नाही. मागची बाजू प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे पळते, दोनदा मागे रेंगाळते, १० अंशाचा कोन असेल तर साधारण दीड टक्का इकडेतिकडे. दुसऱ्या टोकाचा क्रॉस ही चूक बरोबर उलटी करून खोडतो, पण दोन्ही टोकांचे योक एका रेषेत असतील तरच. माझे दोन-चार दाते सरकले होते म्हणजे खोडायच्या ऐवजी गोंधळ वाढत होता. शाफ्ट ओट्यावर सपाट ठेवून दोन्ही योक जुळवले, आणि या वेळी खडू नाही, सेंटर पंचने दोन टिपके मारले.

शेवटी चारही कपांतून ग्रीस बाहेर डोकावेपर्यंत गन मारली. सकाळी कॅरेट भरून निघालो, टक नाही, चिमणी नाही. आबांनी स्वतःहून गाणी लावली, कारण आता डाव्या दाराची खडखड ऐकू यायला लागलीय, ती म्हणे पहिल्यापासूनच होती.