तुम्ही विचारलंत म्हणून : ऑफिसात तलवारबाजी कशाला?

तोक्योत नोकरी करतो आणि कंपनीच्या केंदो (बांबूच्या तलवारीने खेळायची जपानी तलवारबाजी) क्लबात जातो म्हटलं की पुण्याकडची मंडळी हमखास विचारतात, ‘अहो, ऑफिसात तलवारबाजी कशाला? ताण घालवायचं नवीन फॅड का?’ फॅड नाही हो. या प्रथेला शंभर वर्षं झाली, आणि तिची मुळं समजून घ्यायची तर कोदान्शा या प्रकाशनसंस्थेकडे जावं लागतं.

कोदान्शाचे संस्थापक सेइजी नोमा हे गुन्मा प्रांतातल्या किर्यूचे. मूळचे शाळामास्तर. आईचे वडील मोरी योझो हे होकुशिन इत्तो-र्यू घराण्याचे नावाजलेले तलवारबाज, त्यामुळे ही विद्या आजोळची. १९०९ मध्ये नोमांनी संस्था काढली ती वक्तृत्वाच्या मासिकासाठी. १९२५ च्या जानेवारीत त्यांचं ‘किंग’ मासिक निघालं आणि पुढे त्याचा खप दहा लाखांवर गेला. त्याच वर्षी त्यांनी तोक्योच्या ओतोवा भागात नोमा दोजो, म्हणजे केंदोची तालीम, बांधला. कोवळ्या वयात कामाला लागलेल्या मुलांना तिथे केंदो शिकवत. नोमांच्या लेखी तो त्या मुलांच्या शिक्षणाचाच भाग होता.

आपल्याकडे रेल्वे, बँका चांगले कबड्डीपटू हेरून नोकरीवर घेतात. त्यांनी ढाल आणायची, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. मला नोमांची पद्धत जास्त भावते. त्यांनी नोकरीतल्याच पोरांच्या हाती शिनाई, म्हणजे बांबूची तलवार, दिली आणि शिकवायला देशातले पहिल्या फळीतले गुरू आणले. १९२९ मध्ये सम्राटांसमोर झालेल्या स्पर्धेत मोचिदा मोरिजी जिंकले, त्यानंतर लवकरच नोमांनी त्यांना दोजोत बोलावून घेतलं. पुढे ते दहावी दान, म्हणजे दहावी श्रेणी, मिळालेल्या मोजक्या मान्यवरांपैकी एक झाले. केंदोचा पाया अंगात मुरायला पन्नास वर्षं लागली, खरा सराव त्यानंतर सुरू झाला, असं ते सांगत.

सेइजींचा मुलगा हिसाशी याच फरशीवर घडला. १९३४ च्या सम्राटांसमोरच्या स्पर्धेत तो तोक्योचा प्रतिनिधी म्हणून उतरला आणि प्रांतांच्या गटात पहिला आला. त्यासाठीच्या तोक्योतल्या निवड फेरीत त्याच्यासमोर हरला तो त्याच्याच घरात वाढलेला आतेभाऊ, मोरी तोराओ. तोराओ पुढे अमेरिकेत गेला, तिथे युरोपीय फेन्सिंगमध्ये नाव कमावलं आणि लॉस एंजेलिसमध्ये केंदो रुजवला. हिसाशीच्या नशिबी मात्र आयुष्य नव्हतं. १९३८ मध्ये वडील गेले, कंपनीची धुरा त्याच्याकडे आली, आणि पुढच्याच महिन्यात तोही गेला. तिशीही न गाठलेला तरुण!

दुसऱ्या महायुद्धानंतर दोस्त राष्ट्रांच्या अमलात केंदोवर बंदी आली. १९५२ मध्ये अखिल जपान केंदो महासंघ उभा राहिला आणि खेळ पुन्हा उघडपणे सुरू झाला. बॉम्बवर्षावातून वाचलेला तो लाकडी दोजो तेव्हाही उभा होता. भल्या सकाळचा सराव, असागेइको, हीच त्याची ओळख झाली. संस्थेच्या बाहेरचे, परदेशातले केंदोका, म्हणजे केंदो खेळणारेही तिथे येऊन सराव करू लागले.

२००७ मध्ये ती इमारत पाडली. जगभरच्या केंदोकांनी ती वाचवा म्हणून विनवण्या केल्या होत्या. मला ते पाडणं आजही पटलेलं नाही. असल्या फरशीला पायांनी आलेली झिलई नव्या लाकडावर आणता येत नाही. पण सराव थांबला नाही, हे मान्य करायलाच हवं. तो कंपनीच्याच नव्या इमारतीत, जुन्या धर्तीवर बांधलेल्या दोजोत चालू राहिला.

आमचा क्लब त्या मानाने किरकोळ. शिनाईच्या चार बांबूपट्ट्यांपैकी एकीला चीर गेली, तर आमचे विभागप्रमुख स्वतः मांडी घालून बसतात, चामड्याची मूठ सोडवतात, पट्टी बदलतात आणि दोरी ओढून पुन्हा बांधतात. कमरेला बांधायच्या संरक्षक झालरीवर (तिला ‘तारे’ म्हणतात) कापडी नामपट्टी असते : वर कंपनीचं नाव, खाली आडनाव. हुद्दा कुठेच नाही. किरिकाएशी हा जोडीचा सराव सुरू झाला की डावीउजवीकडे आलटूनपालटून मस्तकावर वार करायचे, प्रत्येक वाराबरोबर ओरडायचं. नव्यानं लागलेली मुलगी प्रमुखांच्या शिरस्त्राणावर जीव तोडून वार करते आणि ते एकेक वार शिनाईवर झेलत मागे सरकत जातात. मग जागा बदलतात आणि मारायची पाळी त्यांची येते.