अँजिओग्राफी नॉर्मल, तरी दम का लागतो?

टूडी इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) हार्ट वाढलेलं, पंपिंग, म्हणजे दर ठोक्याला कप्प्यातलं किती रक्त बाहेर जातं ते, ३० टक्के (नॉर्मल ५५ ते ७०), आणि अँजिओग्राफीत एकही ब्लॉकेज नाही. असे रिपोर्ट घेऊन रत्नागिरी-सिंधुदुर्गातून कोल्हापूर-मुंबईच्या खेपा घालणाऱ्या घरांत हा प्रश्न हटकून निघतो.

अँजिओग्राफीत मोठ्या वाहिन्या दिसतात. स्नायूत रक्त पोचवणाऱ्या केसासारख्या वाहिन्या तिच्यात दिसतच नाहीत. पाट मोकळा असला तरी वाडीतल्या शेवटच्या माडाच्या आळ्यात पाणी पोचेलच असं नाही.

डाव्या कप्प्याच्या स्नायूला रक्त मिळतं ते मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विश्रांतीत, कारण आकुंचन पावताना तो आपल्याच वाहिन्या दाबतो. मिनिटाला ६० ठोके असतील तर एका ठोक्याला १ सेकंद मिळतो, १०० झाले की ०.६ सेकंद. ही कपात बहुतेक विश्रांतीतूनच होते. त्यात फुगलेल्या कप्प्यात दाब साठलेला, म्हणून आतला थर विश्रांतीतही दबलेलाच राहतो. भिंतीवर ताण जास्त, म्हणजे ऑक्सिजनची गरजही जास्त. हृदय बसल्या जागी रक्तातला सुमारे ७० टक्के ऑक्सिजन काढून घेतं. वरची गरज भागवायची तर प्रवाहच वाढावा लागतो. निरोगी माणसात तो तीन-चार पट वाढतो, अशा हृदयात बरेचदा दुप्पटही होत नाही. म्हणून श्रम पडले की हृदय कमी पडतं आणि दम लागतो.

स्नायूतला हा रक्तप्रवाह पेट स्कॅनवर मोजता येतो. त्यात ॲडेनोसिन हे औषध देऊन प्रवाह वाढवतात. स्कॅनआधी २४ तास चहा-कॉफी, कोला, चॉकलेट बंद. एक कप चहा पोटात गेला तरी ॲडेनोसिनचा परिणाम अडतो आणि प्रवाह आहे त्याहून कमी दिसतो.

मेटोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल या गोळ्या ठोके कमी करून विश्रांतीचा वेळ वाढवतात. डोस कमीपासून सुरू करून साधारण दर दोन आठवड्यांनी वाढवतात. सुरुवातीला गळून गेल्यासारखं वाटतं, आणि नेमक्या तेव्हाच लोक गोळी सोडतात. कृपा करून मनाने सोडू नका. एकदम बंद केली की ठोके उसळतात. थकवा, चक्कर डॉक्टरांना सांगा, डोस बदलता येतो.

कप्प्यातला दाब उतरवायला पाण्याची (लघवी वाढवणारी) गोळी आणि मिठावर ताबा. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, न्याहारीआधी वजन लिहा. दोन-तीन दिवसांत २ किलो वाढलं तर त्याच दिवशी फोन करा. पावसाळ्यात खारा बांगडा, सुकट, लोणचं रोज ताटात येतं, तिथेच पाय सुजतात. खारवलेली मासळी भिजवून पाणी टाकलं तरी बरंच मीठ आत राहतं.

आणि शहाळं: स्पायरोनोलॅक्टोन (हीही एक पाण्याची गोळी) चालू असेल तर रोज पिऊ नका. त्यात पोटॅशियम भरपूर, गोळीही ते शरीरात अडवते, आणि रक्तात वाढलं की ठोक्यांची लय बिघडते. ‘कमी सोडियम’वाल्या मिठातही पोटॅशियम असतं, तेही त्याच कारणाने टाळा.